एकोणिसावा आला त्याची गोष्ट : फडेप्पा चौगुले आणि ‘हौशी’ हा शब्द

आजचा आमचा विषय तसा एका ओळीत मावणारा आहे. २२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. तिच्या निकालात एकोणिसाव्या जागी एक नाव आहे : चौगुले, हिंदुस्थान, दोन तास पन्नास मिनिटं पंचेचाळीस सेकंद आणि वर चार दशांश. ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये धावलेला आणि ती पूर्ण केलेला हा पहिला हिंदी धावपटू. पूर्ण नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले, गाव बेळगाव.

या माणसाबद्दल जेव्हा जेव्हा लिहिलं जातं तेव्हा तीन विशेषणं ठरलेली असतात. पहिला, अनवाणी आणि उपेक्षित. चौथं विशेषण अधिकृत आहे, ते त्या काळच्या नियमपुस्तकातून आलेलं आहे : हौशी. आज आपण ही चार विशेषणं एकेक करून तपासणार आहोत. आमचं म्हणणं असं की पहिली तीन गोड आहेत पण फारशी उपयोगाची नाहीत, आणि चौथं नीरस वाटतं पण खरी गोष्ट त्याच्यात दडलेली आहे.

‘पहिला’पासून सुरुवात करू. पहिला म्हटलं की आपलं समाधान होतं. पाटी लावता येते, शालेय सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एक प्रश्न वाढतो. पण पहिला म्हणजे फक्त क्रम झाला. तो कसा धावला हे त्यातून काहीच कळत नाही. त्यासाठी त्या वेळेकडे नीट बघावं लागतं, आणि गंमत म्हणजे हे काम फारसं कुणी करत नाही. एकोणिसावा हा आकडा वाचला की लोक पुढे जातात.

आता बघा. आज मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. हे अंतर कायमचं ठरलं १९२१ साली. अँटवर्पची शर्यत होती ४२.७५ किलोमीटरची. ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. म्हणजे चौगुले आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त धावले. साधा भागाकार केला तर एका किलोमीटरला जवळजवळ बरोबर चार मिनिटं पडतात. एक किलोमीटर चार मिनिटांत धावणं हे पुष्कळ तरुणांना जमेल. लागोपाठ बेचाळीस वेळा, न थांबता, पावसाळी हवेत, हे किती जणांना जमेल ते ज्यानं त्यानं मनाशी ठरवावं. त्याच वेगानं ते आजचं अंतर धावले असते तर साधारण दोन तास साडेअठ्ठेचाळीस मिनिटं लागली असती. अमेरिकेतल्या बोस्टन मॅरेथॉनला तरुण पुरुषांसाठी पात्रतेची वेळ काही वर्षं तीन तास होती, आता ती दोन तास पंचावन्न मिनिटांवर आणली आहे. हजारो लोक चांगले बूट, घड्याळं, आहारतज्ज्ञ सगळं वापरून वर्षानुवर्षं त्या वेळेच्या मागे असतात. चौगुल्यांनी ती १९२० मध्ये, जास्त अंतरावर, सहज मागे टाकलेली होती.

आणखी एक तुलना. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकली अमेरिकेच्या जॉनी हेझनं. तीच ती शर्यत, जिच्यात इटलीचा दोरांदो पिएत्री शेवटच्या फेरीत कोसळला, त्याला हात धरून रेषेपार नेलं म्हणून बाद केलं गेलं. हेझची वेळ होती दोन तास पंचावन्न मिनिटं अठरा सेकंद, अंतर ४२.१९५ किलोमीटर. चौगुले बारा वर्षांनी त्यापेक्षा जास्त अंतर त्याहून साडेचार मिनिटं कमी वेळात धावले. हवा वेगळी, रस्ता वेगळा, लंडनला त्या दिवशी उकाडा होता, हे सगळं मान्य. तरी एवढं नक्की म्हणता येतं की ही वेळ हौसेनं नाव नोंदवून आलेल्या पाहुण्याची नाही. जगातल्या खऱ्या स्पर्धकाची आहे. ‘पहिला’ म्हणून आपण ज्याला हार घालतो, त्याचं खरं कौतुक ‘एकोणिसावा’ या शब्दात आहे, आणि तोच शब्द आपण संकोचून हळू आवाजात उच्चारतो.

आता त्या निकालाच्या यादीत जरा वर जाऊ. पहिला आला फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन, दोन तास बत्तीस मिनिटं पस्तीस सेकंद. दुसरा एस्टोनियाचा युरी लोसमान, त्याच्यापेक्षा जेमतेम तेरा सेकंद मागे. कोलेमाइनेन १९१२ मध्ये स्टॉकहोमला तीन सुवर्णपदकं जिंकला होता, पण तेव्हा फिनलंड रशियाच्या झारच्या अंमलाखाली होता आणि जिंकल्यावर झेंडा चढला तो रशियाचा. १९२० मध्ये तोच माणूस स्वतंत्र देशाचा धावपटू म्हणून धावला. एस्टोनियालाही स्वातंत्र्य मिळून फार दिवस झाले नव्हते. म्हणजे पहिले दोघे नुकत्याच मोकळ्या झालेल्या देशांचे. आणि एकोणिसावा ज्या देशाचा, त्या देशात तीनच आठवड्यांपूर्वी, १ ऑगस्टला, लोकमान्य टिळक गेले होते, असहकाराची चळवळ सुरू झाली होती, आणि त्याच्या संघाचं नाव होतं ब्रिटिश हिंदुस्थान. आम्ही यातून ‘स्वातंत्र्य असतं तर पदक आलं असतं’ असला निष्कर्ष काढणार नाही. तो भाबडेपणा होईल. पण धावपटूच्या मागे काय उभं असतं, हे या यादीवरून दिसतं. कोलेमाइनेनच्या मागे आठ वर्षांचा आंतरराष्ट्रीय अनुभव होता. चौगुल्यांच्या मागे पुण्यातली निवडशर्यत, बोटीचा प्रवास आणि इंग्लंडमधला थोडका सराव होता.

इथे आपण दुसऱ्या विशेषणाकडे येतो. अनवाणी.

हे विशेषण आलं कुठून? मुख्यतः सर दोराबजी टाटांच्या पत्रातून. जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. जिमखाना १९०६ चा. तिथल्या मैदानी स्पर्धा त्यांनी पाहिल्या आणि त्यातूनच हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठवायची कल्पना निघाली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यापर्यंत त्यांनी ती नेली, खर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलला. १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही हकीकत सांगितली आहे. तिचा सारांश असा : धावणारी पोरं शेतकरी वर्गातली, शेतात राबणारी, साध्यासुध्या अन्नावर वाढलेली. युरोपातले नियम त्यांना ठाऊक नव्हते, आधुनिक प्रशिक्षणाचा गंध नव्हता. अनवाणी धावत होती. आणि तरीही लांब अंतराच्या शर्यतीतल्या त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळ जाणाऱ्या होत्या. नीट शिकवलं, नीट खाऊ घातलं तर ही मुलं देशाचं नाव काढतील, असं त्यांना वाटलं.

हे पत्र आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. त्यात डोळसपणा आहे, उदारपणाही आहे. त्या काळातल्या किती धनिकांनी शेतकऱ्याच्या पोराच्या पायाकडे या नजरेनं पाहिलं असेल? पण वाचक म्हणून आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. या हकिकतीत ‘शेतकऱ्यांची पोरं’ आहेत, माणूस नाही. वर्ग आहे, पाय आहेत, अन्न आहे. बघणारा जिमखान्याच्या बाजूला उभा आहे आणि धावणारे मैदानात आहेत. पुढच्या सगळ्या लेखकांनी नेमकी हीच जागा पकडली. शंभर वर्षं आपण जिमखान्याच्या व्हरांड्यातूनच ही शर्यत बघतो आहोत.

त्या तयारीच्या हकिकतीत एक किस्सा सांगितला जातो. शंभर मीटरसाठी पात्रतेची वेळ किती असावी, असं विचारल्यावर जिमखान्याच्या समितीतले एक मान्यवर म्हणाले, दोन-तीन मिनिटं असेल. हा मिनिटांचा नव्हे, सेकंदांचा आणि सेकंदांच्या अंशांचा हिशेब असतो, हे कळल्यावर ते थक्क झाले. हा किस्सा हसायला म्हणून सांगतात. पण अडाणी, नियम ठाऊक नसलेली म्हणून ज्यांचं वर्णन झालं ती पोरं आपलं काम चोख करत होती, आणि घड्याळ हाती असलेल्यांना त्या कामाचा अंदाज नव्हता. अज्ञान दोन्हीकडे होतं. लिहिलं गेलं ते बहुधा एकाच बाजूचं.

अनवाणीपणाचं आणखी एक आहे. १९६० मध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला रोमला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला आणि तेव्हापासून जगाला या दृश्याची भूल पडली. पण हाच बिकिला चार वर्षांनी टोकियोला बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला, तेही जास्त वेगानं. ते दुसरं चित्र कुणाच्या भिंतीवर नसतं. आपल्याकडे बिहारचे शिवनाथ सिंह १९७६ मध्ये माँट्रियलला अकरावे आले, त्यांचंही नाव काढलं की आधी त्यांचे अनवाणी पाय आठवतात. १९७८ मध्ये जालंधरला त्यांनी दोन तास बारा मिनिटांची वेळ दिली, जी चाळीस वर्षांहून अधिक काळ कुणाला मोडता आली नाही, ते नंतर आठवतं.

आपण आत्ता कुणकेश्वरला बसलो आहोत. इथल्या लोकांना अनवाणी चालण्याचं अप्रूप सांगायची गरज नाही. महाशिवरात्रीच्या जत्रेला गावोगावच्या देवस्वाऱ्या तीर्थस्नानासाठी इथे येतात, मैलोन् मैल पायी येतात. सड्यावरचा तापलेला कातळ, जांभ्याचे खडे, मग वाळू. ज्यांनी ती वाट अनवाणी तुडवली आहे त्यांना विचारा, त्यात काव्य किती आणि फोड किती. श्रद्धेनं वहाणा बाहेर ठेवणं वेगळं, आणि वहाणा नसणं वेगळं. पहिल्यात निवड आहे. शेतकऱ्याच्या पोराच्या अनवाणीपणाला आपण जेव्हा ‘निसर्गदत्त’ म्हणतो, तेव्हा त्याच्याकडे बूट का नव्हते हा प्रश्न आपण सोयीस्करपणे बाजूला ठेवतो.

तिसरं विशेषण, उपेक्षित. यावर आम्ही थोडक्यात बोलू. उपेक्षित म्हणणं ही आता मराठी लेखनातली एक सवयच झाली आहे. लेखाच्या शेवटी दोन आसवं आणि शासनाकडे एक मागणी. पण कुणी उपेक्षा केली, आणि कशी, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. चौगुल्यांच्या बाबतीत एक कारण अगदी उघड आहे. बेळगाव १९२० मध्ये मुंबई इलाख्यात होतं, १९५६ मध्ये ते तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. फडेप्पा आणि दरेप्पा ही नावं कानडी वळणाची. चौगुले हे आडनाव आपल्या गावगाड्यातलं, पाटलाचा मदतनीस तो चौगुला. एकाच माणसाच्या नावात दोन भाषा सुखानं नांदतायत. पण आपली क्रीडा-इतिहासाची पुस्तकं राज्यवार लिहिली जातात. मग महाराष्ट्राच्या पुस्तकाला वाटतं तो तिकडचा, तिकडच्या पुस्तकाला वाटतं तो पुण्याच्या जिमखान्याचा. सीमेवर भांडण जमिनीचं चालू राहिलं आणि माणूस मधल्या मध्ये राहिला. त्याच संघात साताऱ्याचे सदाशिव दातार होते, तेही मॅरेथॉन धावले पण पूर्ण करू शकले नाहीत. हुबळीचे कैकाडी होते, बंगालचे पूर्मा बॅनर्जी होते. कुस्तीत नवले आणि कोल्हापूरचे रणधीर शिंदे होते. शिंदे तर कांस्यपदकाच्या उंबरठ्यावर पोहोचून चौथे आले. सहा जणांचा संघ, आणि त्यातले बहुतेक एका दिवसाच्या प्रवासात भेटतील इतक्या जवळच्या मुलखातले. आपल्याला हा एक गट म्हणून कधी दिसलाच नाही.

आता चौथं विशेषण. हौशी.

ऑलिंपिकमध्ये त्या वेळी फक्त ‘अमॅच्युअर’ खेळाडूंना प्रवेश होता. मराठीत आपण त्याला हौशी म्हणतो. भाषांतर चुकीचं नाही, पण ते फसवं आहे. हौस म्हणजे आवड, छंद, पोटापाण्याचं भागल्यावर सुचणारी गोष्ट. आणि खरं सांगायचं तर इंग्रजी नियमाचाही अर्थ मुळात तोच होता. १८६६ मध्ये लंडनच्या अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लबनं जी व्याख्या केली तिच्यात पैशासाठी खेळणारा वगळला होताच, पण कारागीर आणि मजूरही वगळले होते. म्हणजे अंगमेहनत करणारा माणूस हौशी असूच शकत नाही. त्याचं शरीर कामानं कमावलेलं, सद्गृहस्थाला ते अन्यायाचं! १८८० मध्ये स्थापन झालेल्या इंग्लंडच्या मुख्य संघटनेनं मजुरांवरची ही बंदी काढली, पण नियमाचा स्वभाव बदलला नाही. १९१२ मध्ये दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या जिम थॉर्पची पदकं पुढच्या वर्षी काढून घेतली, कारण काय तर त्यानं पूर्वी बेसबॉल खेळून थोडेसे पैसे घेतले होते. थॉर्प अमेरिकेतला मूळनिवासी, गरीब. १९३२ मध्ये पावो नुर्मीसारख्या धावपटूला दौऱ्यांत पैसे घेतल्याच्या आरोपावरून बाहेर ठेवलं. खुद्द अँटवर्पचा विजेता कोलेमाइनेन हा पेशानं गवंडी. १८६६ च्या व्याख्येनं त्याला मैदानाच्या फाटकावरच अडवलं असतं.

आता या चौकटीत बेळगावचा फडेप्पा बसवून बघा. नियमाच्या भाषेत तो हौशी होता, कारण धावण्याचे त्याला पैसे मिळत नव्हते. पण हौस करायला लागणारी सवड? ती कुठून आणायची? ज्या समाजात जासूद आणि हरकारे शतकानुशतकं टपालाच्या थैल्या घेऊन धावले, तिथे धावणं हे आधी काम होतं, खेळ नंतर झाला. आणि आपल्या गावच्या जत्रेत कुस्ती जिंकली की इनाम मिळतं, फड मारला की नारळ, फेटा, रुपया मिळतो. ते घेण्यात आपल्याला कधी कमीपणा वाटला नाही. उलट तो मान आहे. आपल्याकडे कौशल्य आणि मोबदला यांचं भांडण नव्हतंच. ते भांडण नियमपुस्तकाबरोबर बोटीतून आलं.

इथल्या श्रोत्यांना समजायला सगळ्यात सोपं उदाहरण दशावताराचं. दशावतारी नट पावसाळ्यात भात लावतो, जत्रांचा हंगाम आला की रात्रभर राजा होतो, पहाटे पैसे वाटून घेतो आणि घरी जाऊन गुरांचं बघतो. त्याला तुम्ही हौशी म्हणाल की व्यावसायिक? दोन्ही शब्द त्याला आखूड पडतात. हौशी म्हटलं तर त्याच्या पोटाचा अपमान, व्यावसायिक म्हटलं तर त्याच्या श्रद्धेचा. आमच्या मते चौगुले त्याच जातकुळीतले आहेत. त्यांच्यासाठी मराठीत शब्द नव्हता, म्हणून आपण परका शब्द घेतला आणि त्या शब्दाबरोबर त्याचा निकषही घेतला.

हा शब्द एवढा का धरून बसलो आहोत? कारण त्याचा परिणाम व्यवहारात होतो. हौशी म्हटलं की खेळाडूच्या भाकरीची जबाबदारी कुणावरच राहत नाही. तो हौसेनं करतोय ना, मग बघेल त्याचं तो! संघाला पाठवणं हे दान ठरतं, कर्तव्य ठरत नाही. दोराबजींनी खिशात हात घातला म्हणून १९२० घडलं. बत्तीस वर्षांनी, देश स्वतंत्र झाल्यावर, गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला जायला निघाले तेव्हाही चित्र तेच. लोकवर्गणी झाली, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं आणि आपण त्या गहाणखताची गोष्ट अभिमानानं सांगतो. आम्हालाही प्राचार्यांबद्दल आदरच आहे. पण एका मास्तराला घर गहाण टाकावं लागलं, ही अभिमानाची गोष्ट आहे की हिशेबाची?

अलीकडे काय बदललं? बदललं नक्कीच. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. शेतमजुरी करणाऱ्या घरातला मुलगा, लांबच्या शाळेत पायी जाणारा. तो आधी सैन्यात गेला आणि तिथे त्याचं धावणं हेरलं गेलं. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्यानं रौप्यपदक मिळवलं, केनियाच्या धावपटूला शेवटपर्यंत झुंजवलं. फडेप्पा आणि अविनाश यांच्या घरची परिस्थिती पुष्कळ सारखी. फरक एवढाच, की अविनाशच्या मागे पगार होता. सैन्यानं त्याला भाकरी, बूट आणि सकाळची वेळ दिली. प्रतिभा शंभर वर्षांपूर्वीही होती. पगार नव्हता.

आणि इथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, तो मांडून आम्ही थांबतो. आज पहाटे आपल्या कुठल्याही गावच्या रस्त्यावर गेलात तर मुलं-मुली धावताना दिसतात. पोलीस भरती, सैन्य भरती. मुलांना सोळाशे मीटर ठराविक वेळेत मारायचे असतात. ही मुलं हौशी नाहीत, त्यांना नोकरी हवी आहे. म्हणून क्रीडाप्रेमी मंडळी त्यांच्याकडे खेळाडू म्हणून बघत नाहीत. एकदा भरती झाली किंवा वय निघून गेलं की धावणं संपतं, आणि आपण म्हणतो, ‘खरी आवड नव्हती.’ हे तेच १८६६ चं वाक्य आहे, फक्त मराठीत. पोटासाठी धावणारा खरा धावपटू नव्हे!

आमचं म्हणणं बरोबर उलटं आहे. या देशात लांब पल्ल्याचं धावणं नेहमीच पोटाच्या बाजूनं आलेलं आहे, जिमखान्याच्या बाजूनं नव्हे. दोराबजींचा मोठेपणा हा की त्यांनी ते एका दुपारी ओळखलं. आपली उणीव ही की त्यानंतर आपण ते व्यवस्थेत उतरवलं नाही. सोळाशे मीटर चांगलं मारणाऱ्या पोराला कुणीतरी ‘दहा हजार मीटर धावून बघ’ असं म्हणेल, त्यासाठी त्याला सकाळचं दूध आणि दोन वर्षांची सवड देईल, अशी माणसं तालुक्याच्या गावात किती आहेत? क्रीडा संकुलाच्या इमारतीबद्दल आम्ही विचारत नाही. माणसांबद्दल विचारतो आहोत.

फडेप्पा चौगुल्यांचा पुतळा करा, रस्त्याला नाव द्या, जरूर द्या. पण समीक्षक म्हणून आमची मागणी लहान आहे. त्यांच्याबद्दल लिहिताना ‘अनवाणी’ आणि ‘उपेक्षित’ हे दोन शब्द एकदा बाजूला ठेवून बघा, आणि वेळ लिहा. बेचाळीस किलोमीटर साडेसातशे मीटर, दोन तास पन्नास मिनिटं पंचेचाळीस सेकंद, एकोणिसावा क्रमांक. हे आकडे कुणाची दया मागत नाहीत. धावणाऱ्या माणसाला त्याच्या वेळेनं ओळखणं, हा त्याचा पहिला मान आहे.

प्रश्न असतील तर आता विचारा. मागच्या रांगेतल्यांनी जरा मोठ्यानं बोला, समुद्राचा आवाज आहे.